दिवाणखान्यातील दरबार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यवाहांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही "दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिका" असे सांगून टाकले. त्यावर ते म्हणाले, "त्यात बोलण्यासारखे काय आहे?" बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे आमच्या घरची मंडळी शपथेवर सांगतील. मालिका चालू असताना आम्ही जे बोलतो ते ऐकून सौभाग्यवतींनी आम्हांला दिवाणखान्यातून अनेकदा हद्दपार केले आहे. आज निदान तासभर कोणी "जरा गप्प बसा" म्हणणार नाही, या एका लोभाने आम्ही येथे उभे आहोत.

आमचा आणि या मालिकांचा संबंध जुना आहे. १९८७च्या सुमारास आम्ही पुण्यास वसतिगृहात राहून बी. ए. चा अभ्यास करीत होतो. विषय इतिहास, वर्ग अर्थातच दुसरा. वसतिगृहाच्या सामायिक खोलीत एक दूरदर्शन संच होता आणि त्याच्यापुढे पन्नास मुले सतरंजीवर बसत. रणजित देसाईंच्या कादंबरीवरून गजानन जागीरदारांनी केलेली 'स्वामी' ही मालिका आम्ही तेथे पाहिली. रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमाबाई. थेऊरच्या त्या शेवटच्या भागाच्या वेळी खानावळीचा आचारी दारात उभा राहून पंच्याने डोळे पुशीत होता, हे आम्हांला अजून दिसते. आम्ही मात्र तेव्हाच शेजारच्या मुलाला सांगत होतो की माधवराव १७७२च्या नोव्हेंबरात वारले. खोड तेव्हापासूनची.

पुढे नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्र सुटला. ज्या ज्या गावी बदली झाली तेथे तेथे संच बरोबर गेला आणि संचाबरोबर इतिहासही. श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' १९८८मध्ये आली. तीत नसीरुद्दीन शाहांचा शिवाजी आणि ओम पुरींचा औरंगजेब होता. नेपथ्य बेताचे, दागिने बेताचे, आणि माणसे मात्र बोलताना विचार करीत आहेत असे वाटे. ती आमच्या मते आजवरची उत्तम. नंतर १९९०मध्ये टिपू सुलतानाची मालिका आली. ही कथा कादंबरीवर आधारलेली आहे, असे निवेदन तिला दाखवावे लागे. असे निवेदन पुढच्या सर्वच मालिकांना सक्तीचे केले असते तरी आमची हरकत नव्हती. १९९४मध्ये महादजी शिंद्यांवर 'द ग्रेट मराठा' आली आणि तेव्हापासून पोशाख भरजरी होत गेले व माणसे त्यांच्या आत हळूहळू दिसेनाशी झाली.

या मालिकांची लक्षणे आपणां सर्वांना पाठ आहेत. राजा एक वाक्य बोलला की कॅमेरा दरबारातील प्रत्येकाच्या तोंडावर तीन तीन वेळा जातो. त्या प्रत्येक वेळी आकाशात वीज कडाडते. मग महिना वैशाखाचा असो की पौषाचा. प्रत्येक खांबाआड कोणीतरी कान देऊन उभा असतो. गडावर एवढे खांब आणि एवढे कान असताना कोणतेही गुपित आठ दिवस टिकते कसे, हे आम्हांला कळलेले नाही. पन्हाळ्याहून रात्रंदिवस दौड करीत आलेल्या जासुदाच्या अंगरख्याची इस्त्री मोडलेली नसते. सोमवारी आलेला खलिता गुरुवारी उघडतो, कारण मधले तीन दिवस सर्वजण त्याच्याकडे पाहत असतात. आमच्या खात्यात असे झाले तर खुलासा मागतात.

आम्ही सरकारी नोकर असल्यामुळे आम्हांला आणखी एक गोष्ट सलते. या दरबारांत कोणालाही काही काम नसते. चिटणीस आहेत, मुजुमदार आहेत, सबनीस आहेत. परंतु कोणाच्या हातात लेखणी नाही, कोणी हिशेब पाहत नाही, कोणी महसुलाची बाकी विचारीत नाही. सगळे दोन रांगा करून उभे राहतात आणि पाळीपाळीने चकित होतात. राज्य चालते कशावर? अश्रूंवर आणि कारस्थानांवर. सासू-सुनांच्या मालिकेतील स्वयंपाकघर काढून तेथे सदर बांधली आणि लाटण्याच्या जागी तलवार दिली, एवढाच फरक.

एवढे बोलून आम्ही मालिका बंद का केली नाही, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येक घरात आहे. दुर्गापूरला आमची बदली झाली तेव्हा आमचे चिरंजीव सात वर्षांचे होते. शाळेत इंग्रजी, मैदानावर बंगाली, बाजारात हिंदी. मराठी बोलायला घरात तिघेजण, त्यांपैकी आम्ही संध्याकाळी थकून येणार. मुलाची मराठी दिवसेंदिवस वाळत चालली होती. २०१७च्या सप्टेंबरात 'स्वराज्यरक्षक संभाजी' सुरू झाली. आमच्या मातोश्री तेव्हा आमच्याजवळ होत्या; त्या नातवाला मांडीशी घेऊन रोज रात्री ती पाहू लागल्या. तीन महिन्यांत मुलगा आईला "मासाहेब" म्हणू लागला आणि दूध प्यायला बोलावले की "आज्ञा असावी" म्हणून लवून उभा राहू लागला. दूध तरीही तो पीत नसे. पण नकार शुद्ध मराठीत येऊ लागला. ज्या मालिकेने हे केले तिच्यावर दगड उचलताना आमचा हात अडखळतो.

शिवाय न्यायाने बोलायचे तर त्या मालिकेने एक मोठे काम केले. आमच्या वडिलांच्या पिढीला संभाजीराजे ठाऊक होते ते जुन्या नाटकांतून: व्यसनी, उतावळे, बापाला दुःख देणारे. वा. सी. बेंद्रे यांनी साधनांचा ढीग उपसून १९६०मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, पुढे कमल गोखले यांनी तसाच ग्रंथ लिहिला, आणि संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा एक पराक्रमी राजा अभ्यासकांपुढे उभा राहिला. परंतु ग्रंथ ग्रंथालयात राहिले. त्यांतले सार आजींच्या आणि नातवंडांच्या मांडीपर्यंत नेले ते डॉ. अमोल कोल्हे यांच्या त्या मालिकेने. विजा कितीही कडाडोत, हे श्रेय तिचे आहे.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही हा विषय घेतला ती सांगतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. सगळी वसाहत त्यांना मास्तरमोशाय म्हणे. आमचा मुलगा त्यांना दादू म्हणत असे. घरी एकटेच असल्याने ते रात्री आमच्याकडे येऊन बसत. मराठी त्यांना कळत नसे, परंतु अशा मालिकेत भाषेवाचून अडण्यासारखे काही नसते. एके रात्री मोगली छावणीवर मराठी घोडेस्वार तुटून पडले. मुलगा सोफ्यावर उभा राहून "हर हर महादेव" ओरडला. मास्तरमोशायांनी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी साधेपणाने विचारले, "दादा, ये लोग ही बर्गी थे ना?"

आम्ही म्हणालो, "नाही, नाही, हे त्याच्या फार आधीचे." त्यांनी मान डोलावली. विषय तेथे मिटला असे आम्हांला वाटले.

तो मिटला नव्हता. पंधरा दिवसांनी चिरंजीव शाळेतून फाटकी कॉलर घेऊन घरी आले. मधल्या सुट्टीत त्याने मालिकेतला एक संवाद हातवारे करून म्हणून दाखवला होता. त्यावर कोणा वर्गमित्राने त्याला "बर्गी" म्हणून चिडवले, आणि मग स्वराज्याचे रक्षण झाले. बंगालमध्ये हा शब्द पोरांना शाळेत शिकावा लागत नाही. बर्गी आले, आता झोप, अशा अर्थाचे अंगाईगीत येथे पिढ्यान् पिढ्या पाळण्याशी म्हटले जाते. मुलाने दप्तर टाकले आणि विचारले, "बाबा, आपण बर्गी आहोत का?"

आम्ही जे उत्तर दिले त्याची आज लाज वाटते. सत्तावीस वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडून जे निघेल तेच निघाले. आम्ही म्हणालो की बंगालवर स्वाऱ्या केल्या त्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी. महाराजांचा त्याच्याशी संबंध नाही, ते साठ वर्षांपूर्वीच निवर्तले होते. पेशव्यांचाही नाही, उलट १७४३मध्ये नानासाहेब पेशवे स्वतः येथे आले ते रघूजी भोसल्यांना हुसकून लावायला. यातील प्रत्येक वाक्य खरे आहे. परंतु सगळी मिळून त्यांचा अर्थ एवढाच होता की सदर प्रकरण आमच्या खात्याचे नाही, संबंधित खात्याकडे विचारणा करावी. नानासाहेबांनी त्या कामाचे अलीवर्दीखानाकडून बावीस लाख घेतले, हे तर आम्ही मुलाला सांगितलेच नाही.

रात्री मास्तरमोशायांनाही आम्ही हेच ऐकवले. ते हसले. म्हणाले, "दादा, ज्याचे शेत जळाले त्याने घोडा कोणत्या सरदाराचा आहे हे विचारले असेल का?"

मग आम्ही जे आधी करायला हवे होते ते केले. कागद काढले. 'बर्गी' हा आपलाच शब्द आहे: बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर. ज्या शब्दात आपल्याकडे केवळ एक नेमणूक आहे, त्याला या देशात पाळण्यापर्यंत पोहोचणारी भीती चिकटली. १७४२च्या एप्रिलात भास्करराम कोल्हटकर वर्धमानपाशी आले आणि नवाब अलीवर्दीखानाला त्यांनी कोंडीत धरले. मे महिन्यात मुर्शिदाबादेवर धाड पडून जगत्सेठांची पेढी लुटली गेली. पश्चिमेकडील बंगाल त्यांच्या घोड्यांखाली आला. कलकत्त्याच्या रहिवाशांनी भयाने शहराभोवती खंदक खणायला घेतला; त्याला मराठा डिच म्हणत. तो खंदक पुढे बुजवला गेला, पण बागबाजारातील एका गल्लीच्या नावात मराठे अजून आहेत. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात बंगालीत काव्य लिहिले, त्याचे नाव 'महाराष्ट्र पुराण'. नाव ऐकून आम्हांला आधी धन्यता वाटली. आत काय आहे? जाळलेली गावे, कापलेले हात आणि नाके, पळणारी कुटुंबे, स्त्रियांवरील अत्याचार. कवीने अतिशयोक्ती केली असेल असे आपण म्हणू शकतो, आणि आम्ही ते म्हणून पाहिले. मास्तरमोशायांपुढे मात्र म्हणवले नाही.

आणि नाट्य म्हणाल तर मालिकावाल्यांना येथे काय कमी आहे? भास्कररामांनी काटव्याजवळ दाईनहाट येथे जमीनदारांकडून सामग्री आणवून दुर्गापूजा मांडली आणि त्या पूजेतच, १७४२च्या सप्टेंबरात, अलीवर्दीने पहाटे छापा घातला. पुढे ३१ मार्च १७४४ रोजी मानकऱ्याच्या छावणीत तहाच्या बोलण्यासाठी बोलावून नवाबाने भास्कररामांना व त्यांच्या एकवीस सरदारांना मारून टाकले. तंबू, भेट, दगा, सर्व काही आहे. परंतु या कथेत नायक कोण आणि खलनायक कोण हे ठरवता येत नाही. १७५१च्या तहात नवाबाने सालिना बारा लाख चौथाई कबूल केली, ओडिशाचा वसूल नागपूरकरांकडे गेला आणि उरलेल्या बंगालमधील स्वाऱ्या थांबल्या. विजेचा कडकडाट कोठे करायचा?

हे सारे वाचत असता आमच्या ध्यानात आले की तीस वर्षे आम्ही या मालिकांमध्ये चुका काढीत आलो त्या पगडीच्या, सनावळीच्या आणि इस्त्रीच्या. त्यांच्यात रयत नाही हे आम्ही कधी बोललो नव्हतो. फौज निघते, धूळ उडते, आणि पुढच्या दृश्यात किल्ला येतो. मधल्या गावातून ते दहा हजार घोडे गेले, त्यांनी खाल्ले काय, हे कोणी विचारीत नाही. आम्हीही नाही, आणि आम्ही इतिहासाचे पदवीधर.

ज्याने विचारले त्याचे पत्र उपलब्ध आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले ते पत्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. पावसाळा तोंडावर आहे, दाणा आणि वैरण बेताची आहे. ती आताच उधळलीत तर पुढे उपासाने घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांकडे जाल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. मग जी रयत घर धरून राहिली आहे तीही जाईल, आणि तिला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. जे लागेल ते पैसे देऊन बाजारातून आणा. आणि शेवटी काय, तर रात्री दिवे जळते ठेवू नका. उंदीर जळती वात ओढून नेतील, गवताच्या गंजीला आग लागेल.

आम्ही नोकरीत शेकडो परिपत्रके वाचली आणि काही लिहिलीही. असे परिपत्रक पुन्हा पाहिले नाही. राज्याभिषेकाच्या घाईत असलेला एक राजा उंदराचा आणि वातीचा विचार करतो, कारण गवत जळले की अखेरीस कोणाचे घर लुटले जाणार हे त्याला ठाऊक आहे. हे पत्र कोण्या मालिकेत दोन मिनिटे तरी सावकाश वाचून दाखवलेले आम्ही पाहिले नाही. अफजलखानाचा वध मात्र आमच्या हिशेबाने पाच वेळा झाला.

एका रविवारी आम्ही मुलाला घेऊन काटव्याला गेलो. मास्तरमोशाय बरोबर होते. त्यांनी वाटेत खायला मुडी आणि नारळाचे लाडू घेतले होते. काटव्याला अजय नदी भागीरथीला मिळते. तेथे मराठ्यांचे काही पाहायला मिळेल या अपेक्षेने आम्ही गेलो नव्हतो. पात्र रुंद होते, होड्या ये-जा करीत होत्या. मुलगा बराच वेळ घाटावर उभा होता. मग त्याने विचारले, "घोड्यांनी पाणी इथेच प्यायले असेल?" मास्तरमोशाय म्हणाले, "बहुतेक." आम्ही त्याला तेथेच सांगितले की होय, ती आपलीच माणसे होती. त्याला शाळेत कोणी बर्गी म्हटले तर मारामारी करण्याऐवजी काय सांगावे, हे मात्र आम्हांला सांगता आले नाही. ते त्यानेच ठरवावे, असे म्हटले.

परत येताना गाडीत आम्ही ते चिपळूणचे पत्र वाचून दाखवले. जुनी मराठी, आम्हांलाही अडखळायला होत होते. पण मालिकेमुळे मुलाच्या कानाला तो ढंग सवयीचा झाला होता. तो एकेक वाक्य ऐकून मास्तरमोशायांना बंगालीत सांगत गेला. उंदरांपाशी आल्यावर मास्तरमोशाय मोठ्याने हसले, आणि मग थोड्या वेळाने त्यांनी ते वाक्य त्याला पुन्हा सांगायला लावले. घरी पोचल्यावर त्यांनी आपल्या कपाटातून एक जुने पुस्तक आणून मुलाला दिले. रवींद्रनाथांची 'शिवाजी उत्सव' ही कविता त्यात होती. १९०४मध्ये ती लिहिली गेली ती एका मराठी घराण्यातल्या बंगाली लेखकाच्या, देवघरच्या सखाराम गणेश देऊस्करांच्या निमित्ताने. बर्ग्यांच्या अंगाईवर वाढलेल्या भूमीत महाराजांचा उत्सव झाला होता, हेही मुलाला कळायला हवे, असे ते म्हणाले. आम्ही पत्र वाचले होते म्हणून त्यांनी पुस्तक आणले की ते आधीच आणणार होते, हे आम्ही विचारले नाही.

मालिकेचा शेवटचा भाग २९ फेब्रुवारी २०२० रोजी झाला. शेवट काय आहे हे १६८९पासून सर्वांना ठाऊक होते, तरी मातोश्री सकाळपासून जेवल्या नव्हत्या. मास्तरमोशाय माकडटोपी घालून वेळेआधी येऊन बसले. कॅमेरा तीन तीन वेळा फिरत होता, आकाश कडाडत होते, आणि आम्ही त्या रात्री एक शब्द बोललो नाही. भाग संपला तेव्हा मुलगा मातोश्रींच्या पदरात तोंड खुपसून बसला होता. मास्तरमोशायांनी माकडटोपी काढून तिनेच डोळे पुसले. बराच वेळ जाहिराती चालू होत्या, कोणी संच बंद करायला उठेना.

मग त्यांनी विचारले, "दादा, उद्यापासून या वेळेला काय लागणार?"